वाचकांचे प्रश्न : धातुशोधक यंत्राची सेटिंग्ज आणि कॉइल फिरवण्याची पद्धत

धातुशोधक यंत्रे वापरणाऱ्या वाचकांकडून आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : यंत्र चांगले आहे, जागाही चांगली निवडली आहे, तरीही हाती फारसे काही लागत नाही. पत्रांतील वर्णने बारकाईने वाचली तर दोष यंत्रात क्वचितच दिसतो. जमिनीचा विचार न करता ठेवलेली सेटिंग्ज आणि घाईने फिरणारा हात हीच कारणे पुन्हा पुन्हा समोर येतात. यंत्रागणिक बटणांची नावे आणि मापपट्ट्या बदलतात; पुढील उत्तरे नेहमीच्या व्हीएलएफ, म्हणजे अतिशय कमी वारंवारतेवर चालणाऱ्या यंत्रांना धरून दिली आहेत. जेथे दुसऱ्या प्रकारच्या यंत्राचा संबंध येतो, तेथे तसे सांगितले आहे.

प्रश्न : खोलवरच्या वस्तू सुटू नयेत म्हणून मी सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनशीलता) नेहमी पूर्ण वाढवून ठेवतो. यंत्र सतत कुरकुर करत राहते आणि खरा आवाज कोणता ते समजत नाही. सेन्सिटिव्हिटी कमी केली तर खोली गमवावी लागणार नाही का?

उत्तर : हा समज फार पसरलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सेन्सिटिव्हिटी वाढवल्याने कॉइलकडे (दांड्याच्या टोकाच्या, जमिनीवरून फिरवायच्या तबकडीकडे) परत येणारा संकेत मोठा होतो हे खरे, पण त्याच प्रमाणात जमिनीतील खनिजांचा आणि आसपासच्या विद्युत उपकरणांचा गोंगाटही मोठा होतो. नाण्याएवढ्या लहान वस्तूचा संकेत अंतराबरोबर विलक्षण वेगाने क्षीण होतो. कॉइलने निर्माण केलेले चुंबकीय क्षेत्र वस्तूपर्यंत पोहोचताना अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते आणि वस्तूत निर्माण झालेल्या प्रवाहांचे क्षेत्र परत येतानाही तसेच घटते. त्यामुळे कॉइलच्या आकाराच्या मानाने दूर असलेल्या वस्तूचा संकेत अंतराच्या सहाव्या घाताने कमी होतो, म्हणजे अंतर दुप्पट झाले की संकेत चौसष्टावा हिस्सा उरतो. याचीच दुसरी बाजू अशी की कोणताही गोंगाट न वाढवता संकेत दुप्पट करता आला, तरी खोलीत जेमतेम बारा टक्के भर पडेल. एवढ्या लहानशा लाभासाठी कान सतत कुरकुरीत बुडवून ठेवणे परवडणारे नाही, कारण खोलवरच्या वस्तूचा अस्फुट आवाज नेमका त्याच कुरकुरीत हरवतो.

आधी कुरकुर कशाची आहे ते ओळखावे. कॉइल कमरेएवढ्या उंचीवर हवेत स्थिर धरावी. तरीही यंत्र बोलत राहिले, तर कारण विद्युत आहे : वरून गेलेल्या वीजवाहिन्या, खिशातला मोबाइल किंवा जवळपास चालू असलेले दुसरे डिटेक्टर. मोबाइल बंद करावा किंवा फ्लाइट मोडवर टाकावा, यंत्रात नॉइज कॅन्सल किंवा वारंवारता किंचित सरकवण्याची सोय असल्यास ती वापरावी, आणि एवढ्याने न भागल्यास सेन्सिटिव्हिटी उतरवावी. स्थिर असताना यंत्र गप्प राहते आणि जमिनीवरून फिरवताच कुरकुरते, तर कारण जमिनीत आहे. तेथे आधी ग्राउंड बॅलन्स करावा, म्हणजे यंत्राला मातीचा संकेत वगळायला लावावा (पद्धत पुढे दिली आहे), आणि मगच सेन्सिटिव्हिटीला हात लावावा. कॉइलची सैल वायर हाही एक दुर्लक्षित कारणांपैकी आहे. वायर दांड्याभोवती घट्ट गुंडाळलेली नसेल, तर ती प्रत्येक फेऱ्यात कॉइलजवळ हलते आणि खोटे आवाज देते.

योग्य पातळी शोधण्यासाठी यंत्र शांत होईपर्यंत सेन्सिटिव्हिटी उतरवावी आणि नंतर एकेक पायरी चढवत अधूनमधून एखादाच खोटा आवाज येईल तेथे थांबावे. ही पातळी जागेगणिक बदलते. एकाच शेताच्या दोन टोकांनाही ती वेगळी असू शकते.

प्रश्न : कॉइल किती वेगाने, किती उंचीवरून आणि कशी फिरवावी? तासाभरात माझा खांदा भरून येतो आणि नंतर हात आपोआप वर जायला लागतो.

उत्तर : आपल्या शेवटच्या वाक्यातच उत्तराचा महत्त्वाचा भाग आहे. कॉइल जमिनीला समांतर आणि जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर राहिली पाहिजे, आणि ती तेथे राहत नाही याचे पहिले कारण थकवा हेच असते. साधारण 28 सेंटिमीटर व्यासाच्या कॉइलखाली 20 सेंटिमीटर खोल पडलेले नाणे घ्या. कॉइल जमिनीपासून केवळ 5 सेंटिमीटर वर उचलली, तरी त्या नाण्याचा संकेत निम्म्याहूनही कमी होतो. सेन्सिटिव्हिटीची बटणे कितीही वाढवली तरी हे नुकसान भरून निघत नाही.

बहुतेकांच्या फेऱ्यात कॉइल मध्यभागी जमिनीलगत असते आणि दोन्ही टोकांना झोपाळ्यासारखी वर जाते. अशा वेळी आपण दीड मीटर रुंद पट्टा तपासत आहोत असे वाटते, पण खोलवर तपासला जातो तो मधला अर्धा-पाऊण मीटरच. त्यावर उपाय म्हणजे फेरा लहान करणे. केवळ मनगटाने किंवा खांद्याने यंत्र न फेकता कोपर शरीराजवळ ठेवावे आणि कमरेतून हलकेच वळावे. म्हणजे कॉइल टोकापर्यंत एकाच पातळीत सरकते. दांड्याची लांबी अशी ठेवावी की ताठ उभे राहिल्यावर, न वाकता आणि हात न ताणता, कॉइल पावलांच्या पुढे जमिनीलगत येईल. हाताचा आधार कोपराच्या थोडा खाली यावा आणि पट्टा आवळलेला असावा, म्हणजे वजन बोटांवर न येता बाहूवर येते. उंच गवतात कॉइल गवतावरून फिरवू नये. परवानगी असल्यास गवत कापावे, नसल्यास कॉइलनेच ते दाबत जावे.

वेगाविषयी : डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे असा पूर्ण फेरा साधारण तीन ते चार सेकंदांत व्हावा. नेहमीच्या शोधपद्धतीत यंत्र संकेतातील बदल टिपते, म्हणून कॉइल अगदीच रेंगाळली तरी आवाज मंदावतो. हात वेगाने फिरला तर खोलवरच्या वस्तूचा क्षीण संकेत यंत्राच्या गाळणीतून निसटतो आणि जवळजवळ पडलेल्या दोन वस्तूंचा एकच आवाज होतो. येथे रिकव्हरी स्पीड या सेटिंगचा संबंध येतो. एका वस्तूचा आवाज संपवून दुसरीसाठी यंत्र किती लवकर तयार होते, हे त्यावर ठरते. खिळे आणि भंगार विखुरलेल्या जागी ते वाढवावे, म्हणजे शेजारच्या वस्तू वेगळ्या ऐकू येतात. मोकळ्या, स्वच्छ जमिनीत ते कमी ठेवून खोली मिळवावी. कमी रिकव्हरी स्पीडवर हातही संथ हवा. या दोन गोष्टी नेहमी एकत्र बदलाव्यात. अनेक जण यंत्रातील आकडा बदलतात आणि हात मात्र जुन्याच वेगाने चालवत राहतात.

शेवटी पुढे टाकण्याच्या पावलाविषयी. एक फेरा झाल्यावर कॉइलच्या निम्म्या लांबीपेक्षा जास्त पुढे सरकू नये. काँसेंट्रिक (एकात एक गोल वेटोळी असलेल्या) कॉइलचे क्षेत्र खाली जाताना शंकूसारखे निमुळते होते, त्यामुळे पावले मोठी पडली तर वरच्या थरातले सगळे सापडते आणि खालचे राहून जाते. डीडी (इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी असलेली) कॉइल मधल्या रेषेवर पुढून मागेपर्यंत लांब पट्टा तपासते, म्हणून तिला थोडी सवलत आहे. पण खोलवर तोही पट्टा आखूड होतो. पिंजून काढायची जागा असेल, तर तिच्यावरून एकदा उत्तर-दक्षिण आणि नंतर पूर्व-पश्चिम चालावे. दुसऱ्या फेरीत जे सापडते ते पाहून अनेकांना पहिल्या फेरीत किती सुटले होते याची कल्पना येते.

प्रश्न : यंत्रात आपोआप ग्राउंड बॅलन्स होतो, तर स्वतः करण्याची गरज आहे का? आणि तो नीट झाला आहे हे कसे ओळखावे?

उत्तर : जमीनही कॉइलला उत्तर देते, हे या क्षेत्रातले मूळ सत्य आहे. गेरहार्ड फिशर यांना रेडिओ दिशादर्शक यंत्रणेवर काम करताना धातुयुक्त खडकांच्या प्रदेशात मापने बिघडतात असे दिसले. त्यातून त्यांनी धातुशोधक यंत्र विकसित केले आणि 1937 मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. ज्या परिणामातून हे यंत्र जन्माला आले, तोच परिणाम आज आपल्याला शोधाच्या वेळी बाजूला सारावा लागतो. मातीतील मॅग्नेटाइट आणि मॅघेमाइट ही लोहखनिजे एक विशिष्ट संकेत देतात, तर ओलसर खारट माती वेगळाच देते. ग्राउंड बॅलन्स म्हणजे यंत्राला त्या जागेच्या मातीचा संकेत शिकवून तो वगळायला लावणे.

धातू नसलेली जागा शोधावी आणि कॉइल सुमारे 30 सेंटिमीटरवरून जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटरपर्यंत, समांतर ठेवून, संथपणे वर-खाली करावी. यंत्रात ही क्रिया आपोआप होण्याचे बटण असेल, तर ते दाबून धरावे आणि आवाज स्थिर झाला की सोडावे. हाताने करताना थ्रेशोल्डचा, म्हणजे यंत्राचा सतत चालू असलेला मंद गुणगुणता आवाज ऐकावा. कॉइल खाली येताना तो वाढत असेल तर बॅलन्स धन बाजूला जास्त आहे, वर जाताना वाढत असेल तर ऋण बाजूला जास्त आहे. दोन्ही वेळी जवळजवळ सारखा राहिला की काम झाले. अनेक अनुभवी शोधक तो किंचित धन बाजूला ठेवतात, कारण ऋण बाजूला गेलेला बॅलन्स लहान आणि खोल वस्तूंचे आवाज गिळतो. हा सल्ला मलाही पटतो.

आपोआप सतत बदलणारा बॅलन्स जमीन वारंवार बदलत असेल तेथे सोयीचा असतो. एकसारख्या जमिनीत मात्र एकदा नीट करून तो स्थिर ठेवलेला बरा, कारण एखाद्या वस्तूवरून कॉइल बराच वेळ मागे-पुढे केली तर सतत बदलणारा बॅलन्स तिच्या संकेताशीच जुळवून घेऊ पाहतो. जागा बदलली, पाऊस पडून गेला किंवा मातीचा रंग बदललेला दिसला की पुन्हा बॅलन्स करावा. जुन्या चुली, भट्ट्या आणि भाजलेल्या विटांचे तुकडे असलेल्या जागी विशेष काळजी घ्यावी. भाजल्याने मातीतील लोहखनिजांचे चुंबकीय गुणधर्म वाढतात आणि भोवतालच्या जमिनीवर जमवलेला बॅलन्स तेथे लागू पडत नाही, त्यामुळे साधा दगड किंवा वीटही धातूसारखी बोलते.

प्रश्न : खिळ्यांचा त्रास टाळण्यासाठी मी डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचे आवाज बंद करणारी सेटिंग) भरपूर वाढवतो. यंत्र शांत होते, पण सापडणेही थांबते. असे का?

उत्तर : कारण डिस्क्रिमिनेशनमुळे लोखंड जमिनीतून नाहीसे होत नाही, आपल्याला फक्त त्याचा आवाज ऐकू येत नाही. त्याच्या शेजारी पडलेल्या चांगल्या वस्तूचा संकेत लोखंडाच्या संकेतात मिसळतो आणि यंत्र त्या दोघांनाही मिळून गप्प बसते.

हे घरच्या घरी पडताळून पाहता येते. धातू नसलेल्या मोकळ्या जमिनीवर एक नाणे ठेवा आणि त्यापासून चार-पाच सेंटिमीटरवर एक लोखंडी खिळा आडवा ठेवा. डिस्क्रिमिनेशन वाढवून कॉइल आधी नाणे आणि खिळा यांना जोडणाऱ्या रेषेवरून न्या, नंतर त्या रेषेला काटकोनात न्या. एका दिशेने नाण्याचा आवाज तुटक येईल किंवा येणारच नाही, तर दुसऱ्या दिशेने तो स्वच्छ येईल. आता डिस्क्रिमिनेशन उतरवा, हात संथ करा आणि रिकव्हरी स्पीड वाढवा. पहिल्या दिशेनेही खिळ्याच्या घोगऱ्या आवाजाच्या कडेला नाण्याचा छोटासा उंच स्वर ऐकू येऊ लागेल. पुढे खिळा नाण्याच्या वर ठेवून, मग खाली ठेवून हाच प्रयोग करावा. अर्ध्या तासाच्या या सरावाने कानाला जे वळण लागते ते कोणत्याही पुस्तिकेतून मिळत नाही.

जवळचे लोखंड हवा असलेला संकेत कसा दडपते याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. 1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वावरचे उपकरण वापरले. उपकरण चाचण्यांत काम करत होते, पण रुग्णाजवळ त्याने गोंधळ घातला. नंतर समजले की गादीखाली पोलादी तारांचे जाळे होते. आपले पोलादी टोकाचे बूट आणि हातातले फावडेही कॉइलच्या जवळ आले तर तोच परिणाम होतो.

म्हणून माझे मत असे आहे की डिस्क्रिमिनेशन शक्य तितके कमी ठेवावे आणि लोखंडाला वेगळा, खालचा स्वर देऊन ते कानाने गाळावे. ॲल्युमिनियमच्या डब्यांच्या कड्या आणि सोन्याच्या अंगठ्या यांचे पडद्यावरचे आकडे तर एकमेकांवर पडतात. नॉच, म्हणजे ठरावीक आकड्यांचे संकेत गाळण्याची सोय, वापरून कड्या वगळल्या की काही अंगठ्याही वगळल्या जातात, एवढे लक्षात ठेवूनच तो निर्णय घ्यावा.

प्रश्न : पडद्यावरचा आकडा प्रत्येक फेऱ्यात बदलतो. कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा?

उत्तर : आकडा म्हणजे वस्तूच्या विद्युतवाहकतेवरून, आकारावरून आणि जाडीवरून यंत्राने बांधलेला अंदाज असतो. उथळ, आडव्या पडलेल्या नाण्यावर तो स्थिर राहतो. नाणे उभे असेल, खोल असेल किंवा शेजारी लोखंड असेल, तर तो हलतो, आणि खनिजयुक्त जमिनीत खोलवरच्या चांगल्या वस्तूचा आकडा लोखंडाकडे झुकतो. उलट मोठ्या किंवा चपट्या लोखंडाचा, विशेषतः चकत्यांचा आणि बाटल्यांच्या झाकणांचा, आकडा फसवा उंच येतो.

वस्तूभोवती चालत जाऊन नव्वद अंशांच्या कोनातून पुन्हा कॉइल फिरवावी. दोन्ही दिशांनी आवाज गोल आणि सारखा येत असेल, तर आकडा थोडा हलत असला तरी खणावे. एका दिशेने सुरेख आणि दुसऱ्या दिशेने तुटक किंवा घोगरा आवाज आला, तर तो बहुधा वाकलेला खिळा असतो. मात्र मागच्या उत्तरातील प्रयोगाप्रमाणे तेथे खिळ्याशेजारचे नाणेही असू शकते, म्हणून खिळ्यांनी भरलेल्या जुन्या वस्तीच्या जागी असे संकेतही सोडू नयेत.

प्रश्न : समुद्राच्या ओल्या वाळूत माझे यंत्र वेड्यासारखे वागते. कोरड्या वाळूत ते उत्तम चालते.

उत्तर : खारे पाणी स्वतः विद्युतवाहक असते आणि वारंवारता जितकी जास्त तितका त्याचा संकेत मोठा. एकाच वारंवारतेच्या यंत्रात समुद्राच्या मिठाचा आणि काळ्या वाळूतील मॅग्नेटाइटचा बॅलन्स एकाच वेळी साधता येत नाही, कारण हे दोन संकेत मापपट्टीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना येतात. एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारी यंत्रे किंवा पल्स इंडक्शन (सलग लहरींऐवजी विद्युत प्रवाहाचे छोटे ठोके पाठवणारी) यंत्रे येथे बरीच सरस ठरतात. पल्स इंडक्शनची मर्यादा अशी की लोखंड आणि इतर धातू यांतला भेद त्यांना फारसा करता येत नाही.

हाताशी एकाच वारंवारतेचे यंत्र असेल, तर ते खाऱ्या वाळूच्या सेटिंगवर ठेवावे, ग्राउंड बॅलन्स ओल्या वाळूतच करावा आणि सेन्सिटिव्हिटी निःसंकोच उतरवावी. कॉइल वाळूला टेकवू नये. तिची उंची दोन-तीन सेंटिमीटरवर एकसारखी राखणे येथे इतर कोणत्याही जमिनीपेक्षा महत्त्वाचे आहे, कारण उंचीतला प्रत्येक बदल मिठाच्या संकेतात उमटतो. चालायचे ते पाण्याच्या रेषेला समांतर, म्हणजे ओल सर्वत्र सारखी मिळते. ओल्याकडून कोरड्याकडे जाणारा प्रत्येक फेरा खोटे आवाज निर्माण करतो.

प्रश्न : मोठी कॉइल घेतली तर जास्त खोल जाता येईल का?

उत्तर : स्वच्छ, कमी खनिजाच्या जमिनीत आणि मोठ्या वस्तूंसाठी, होय. भंगाराच्या जागी मोठी कॉइल एका वेळी अनेक वस्तू पाहते आणि त्यांचे संकेत एकमेकांत मिसळतात. खनिजयुक्त जमिनीत ती जास्त जमीनही पाहते. अशा ठिकाणी 15 ते 23 सेंटिमीटरची लहान कॉइल अधिक उपयोगी पडते.

प्रश्न : आवाज मिळतो, पण वस्तू नेमकी कोठे आहे ते कळत नाही आणि खड्डा मोठा होतो.

उत्तर : खणण्याआधी जमीनमालकाची परवानगी आणि त्या ठिकाणचा प्राचीन वस्तूंविषयीचा कायदा, या दोन्हींची खातरजमा झालेली असावी, युद्धभूमीच्या परिसरात दारूगोळ्यासारखी वस्तू दिसली तर तिला हात न लावता संबंधित यंत्रणेला कळवावे.

स्थान ठरवण्यासाठी आवाज सर्वांत मोठा येतो ती जागा एका दिशेने आणि मग काटकोनात पाहावी. दोन्ही रेषा छेदतात तेथे वस्तू असते. डीडी कॉइलला आणखी एक युक्ती चालते : कॉइल आखूड हालचालींनी डावी-उजवीकडे हलवत हळूहळू मागे घ्यावी; आवाज अचानक संपतो तेव्हा वस्तू कॉइलच्या पुढच्या टोकाखाली असते. पिनपॉइंटच्या (वस्तूची नेमकी जागा दाखवणाऱ्या) बटणावर मिळणारा खोलीचा आकडा नाण्याच्या आकाराची वस्तू गृहीत धरून दिलेला असतो, त्यामुळे मोठी वस्तू आहे त्यापेक्षा उथळ दाखवली जाते. खूण केलेल्या जागेच्या भोवतीने, वस्तूवरच न खुपसता, गवतासह मातीचा गड्डा उचलावा. वस्तू निघाल्यावर खड्डा लगेच बुजवू नये. खड्ड्यावरून आणि काढलेल्या मातीवरून कॉइल पुन्हा एकदा फिरवावी, कारण वरच्या खिळ्याने दडपलेली दुसरी वस्तू आता प्रथमच ऐकू येण्याची शक्यता असते.